मियाटाचा पुढचा हब: घरघर, ढिलाई आणि अकाली मरण

माझ्दा एमएक्स-५, म्हणजे अमेरिकेतली मियाटा, ट्रॅकवर न्यायची असेल तर तिचा पुढचा हब (चाक ज्यावर बसतं तो, आत बेअरिंग असलेला भाग) ब्रेक पॅडसारखाच नेहमीच्या खर्चात धरावा. हे पहिल्या दोन पिढ्यांबद्दल: १९८९ ते १९९७ची एनए आणि १९९८ ते २००५ची एनबी. मूळच्या १८५/६० आर १४ टायरवर, रोजच्या रस्त्यावर हाच हब वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. त्याच गाडीला ९ इंच रुंदीची १५ इंची चाकं, त्यावर २२५/४५चे सेमी-स्लिक (कमी नक्षीचे, जास्त पकडीचे ट्रॅकचे टायर), कडक स्प्रिंगा आणि तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची बाजू आत झुकवणं) दिला, की एखाद्या हंगामात, कधी त्याही आधी, तो घरघरायला लागतो.

भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. माझ्दा म्हटलं की आपल्याकडे आठवतो तो स्वराज माझ्दाचा टेम्पो. पण अमेरिकेत आणि इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी जुनी मियाटा ही परवडणारी ट्रॅक गाडी आहे. शिवाय इथे स्विफ्ट-पोलोला रुंद टायर आणि स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) चढवणाऱ्यांनाही खालचा बराचसा हिशोब तसाच लागू पडतो.

स्पेसरपेक्षा टायर जास्त दोषी

बेअरिंग गेलं की पहिली शिवी स्पेसरला बसते. आकडे वेगळं सांगतात. ड्रायव्हर धरून गाडी ११०० किलोची माना, पुढच्या धुरीवर ५७० किलो. १ जीच्या वळणात (आडवा जोर गाडीच्या वजनाइतका) पुढच्या दोन टायरांवर मिळून ५६०० न्यूटन आडवा जोर येतो आणि त्यातला पाऊण हिस्सा, म्हणजे ४२०० न्यूटन, बाहेरच्या चाकावर पडतो. हा जोर लागतो टायरच्या तळाशी, हबच्या मध्यापासून साधारण २९ सेंटिमीटर खाली. गुणाकार १२०० न्यूटन-मीटरच्या वर जातो. हा पीळ पेलायचा कुणी? बेअरिंगमधल्या गोळ्यांच्या दोन ओळींनी. त्या दोन ओळींचा परिणामी आधार एकमेकांपासून ६ सेंटिमीटरवर आहे असं धरलं, तर प्रत्येक ओळीवर २० हजार न्यूटन, म्हणजे दोन टन. त्या क्षणी त्या चाकावरचं उभं वजन याच्या चौथाईही नसतं.

आता चांगले सेमी-स्लिक लावून तीच गाडी १.३ जीने वळवा. बाहेरच्या चाकावरचा आडवा जोर ६००० न्यूटनच्या घरात जातो आणि ओळीवरचा भार २९ हजारांवर. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. भार सव्वापट झाला की आयुष्य निम्मं. इथे तो जवळजवळ दीडपट झालाय, म्हणजे वळणातलं आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर आलं.

स्पेसरने चाक २० मिमी बाहेर गेलं तर उभ्या भाराचा पीळ शे-सव्वाशे न्यूटन-मीटरने बदलतो. गंमत म्हणजे वळणात बाहेरच्या चाकावर हा पीळ आडव्या जोराच्या पिळाच्या उलट दिशेने असतो, म्हणजे तिथे स्पेसर किंचित मदतच करतो. तो नुकसान करतो ते सरळ रस्त्यावर आणि खड्ड्यात, जिथे उभा भारच मुख्य असतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर स्पेसरला नावं ठेवणं बरोबर आहे. ट्रॅकवर आधी टायरकडे बघा.

वेग मात्र निर्दोष आहे. ताशी २०० किलोमीटरला हे चाक मिनिटाला साधारण १८०० फेरे घेतं, आणि बेअरिंगला ते काहीच नाही. दुसरा खरा शत्रू म्हणजे उष्णता. डिस्कच्या टोपीतून ती थेट हबमध्ये उतरते, ग्रीस पातळ होतं आणि सील कडक होऊन तडकतं. ब्रेकसाठी हवेची नळी लावणार असाल तर तिचं तोंड डिस्कच्या कडेकडे नको, मधल्या डोळ्याकडे ठेवा. डिस्क आतून बाहेर हवा फेकते, तिला ती तिथूनच मिळते आणि जाताजाता हबही गार होतो.

आवाज कुठून येतोय?

बेअरिंगची घरघर गाडीच्या वेगाबरोबर वाढते, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाका. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि गिअरबॉक्स सुटले. ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना सूर बदलत असेल तर मागच्या डिफरन्शियलकडे बघा. मग ताशी ६०-७० किलोमीटरला हलकेच डावी-उजवी नागमोड घ्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं, त्यामुळे तेव्हा आवाज वाढला तर संशयित उजवं. हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो, नेहमी नाही. एकच ओळ झिजलेली असेल तर कधी उलटही ऐकू येतं. म्हणून केवळ नागमोडीवर विसंबून हब मागवू नका.

सगळ्यात जास्त फसवतात ते टायर. ट्रॅकवर झिजलेल्या सेमी-स्लिकच्या नक्षीला करवतीसारख्या कडा येतात आणि ते हुबेहूब बेअरिंगसारखे गुंजतात. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर टायर. खात्री करायची तर चाकांच्या जागा आपसांत बदलून पाहा, आवाज चाकाबरोबर जातो की जागेवर राहतो ते कळेल. एक हब वाचतो आणि अर्धा दिवसही.

यानंतर गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. एका हाताने पुढची स्प्रिंग धरा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते, कानाला ऐकू यायच्या आधी. पॅड डिस्कला घासत असतील तर तो आवाज मध्ये येतो, म्हणून शंका असेल तर पॅड धरणारा कॅलिपर काढूनच फिरवा.

ढिलाई मोजताना

चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा, मग नऊ आणि तीनच्या जागी. फक्त नऊ-तीनला हलत असेल तर बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा सांधा). बारा-सहाला हलत असेल तर बेअरिंग किंवा वर-खालचे बॉल जॉइंट (सस्पेन्शनचे गोल सांधे). या दोघांत फरक करायला जोडीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक लागला की डिस्क कॅलिपरला जखडते, कॅलिपर नकलला (हब सस्पेन्शनशी जोडणाऱ्या तुकड्याला) बोल्टने बसलेला असतो, म्हणजे बेअरिंगमधली ढिलाई झाकली जाते. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, चालूच राहिलं तर बॉल जॉइंट किंवा बुश.

हाताला लागते ती ढिलाई फार उशिराची. डायल गेज (शतांश मिमी दाखवणारं काट्याचं माप) घ्या. चाक, कॅलिपर आणि डिस्क काढा, चुंबकी पाया नकलवर बसवा, टोक हबच्या तबकडीवर (जिच्यावर डिस्क आणि चाक बसतं) टेकवा आणि हब सरळ आत-बाहेर ओढा. मर्यादा ०.०५ मिमी. त्याच्या आत असेल, पण मागच्या खेपेपेक्षा वाढलेली असेल, तरी नोंद ठेवा. एका आकड्यापेक्षा तो कसा सरकतोय हे जास्त सांगतं.

ट्रॅकवर याची आधी मिळणारी खूण ब्रेकच्या पेडलमध्ये असते. लांब वळणानंतर पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, दुसऱ्या दाबाला नेहमीसारखं होतं. वळणात हब वाकला, डिस्क तिरकी झाली, तिने पॅड आणि पिस्टन मागे ढकलले. चढ्या ग्रिपवर थोडं हे चांगल्या हबलाही होतं. पण तेच टायर, तेच ट्रॅक आणि पेडल मात्र आता जास्त खोल जातंय, तर ब्रेक ऑइलमधली हवा शोधत बसण्याआधी हब मोजा. लोक इथे तीन-तीनदा ब्लीडिंग करतात.

ब्रेक मारताना थरथर होत असेल तर डिस्क बदलण्याआधी दोष हबचा की डिस्कचा हे ठरवा. डिस्क चारही नटांनी, खाली सपाट वॉशर घालून घट्ट बसवा. कडेपासून १० मिमी आत गेज लावून फिरवा आणि सगळ्यात उंच जागेला खूण करा. मग डिस्क काढून हबवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावा. उंच जागा डिस्कबरोबर फिरली तर डिस्क वाकडी, हबवर होती तिथेच राहिली तर हब. ०.१ मिमीच्या वर थरथर पायाला लागते. डिस्कचा व्यास (१.६ लिटरच्या गाडीत २३५ मिमी, १.८मध्ये बहुतेक २५५) हबच्या तबकडीपेक्षा बराच मोठा, म्हणून तबकडीवरची शतांशातली चूक डिस्कच्या कडेला जवळपास दुप्पट होते. मात्र हबला दोषी ठरवण्याआधी तबकडी तारेच्या ब्रशने लख्ख करा. गंजाची एक पापडीही एवढी चूक देते.

नट हाच बेअरिंगचा ताण

पुढच्या हबमध्ये बेअरिंग वेगळं निघत नाही. दोन ओळींचं सीलबंद बेअरिंग आणि हब एकच नग. तो नकलच्या ठोस दांड्यावर सरकतो आणि मोठ्या नटाने आवळला जातो. आतल्या दोन रिंगा एकमेकींवर दाबून ठेवतो तो हा नट. म्हणजे बेअरिंगमधला मूळ ताण नटावर अवलंबून आहे. नट ढिला तर गोळ्यांना मोकळीक, मोकळीक असली की भार मोजक्या गोळ्यांवर, आणि मग घरघर. पुष्कळ हब याच कारणाने जातात, आणि हे कारण पूर्णपणे आपल्या हातातलं आहे.

२९ मिमीचा सॉकेट लागतो. पुढचा टॉर्क (नट आवळण्याचा जोर) १६७ ते २१६ न्यूटन-मीटर. ट्रॅकच्या गाडीला मी वरच्या टोकाकडे ठेवीन. इम्पॅक्ट गन काढायला चालेल, बसवायला नाही. नट दरवेळी नवा घ्या. त्याची कड दांड्याच्या खाचेत ठोकून बसवायची असते, एकदा ठोकलेली कड परत त्याच जागी नीट बसत नाही. ठोकायला धारदार छिन्नी नको, बोथट पंच घ्या, नाहीतर कड चिरते. नट ढिला असताना गाडीचा भार चाकावर टाकू नका.

बदलताना कॅलिपर तारेने वर टांगा, होजवर लटकू देऊ नका. नटावरची टोपी उचका, नटाची ठोकलेली कड वर करा, नट काढा. हब बहुतेक वेळा हाताने ओढून येतो. आतली रिंग दांड्यावरच राहिली तर पुलरने काढा, छिन्नी-हातोड्याने दांड्याला ओरखडे पाडू नका. दांडा निळा पडलेला असेल किंवा त्यावर नखाला लागतील असे चरे असतील तर नकल बदला. अशा दांड्यावर नवा हबही टिकत नाही. गाडीला एबीएस असेल तर हबच्या मागची दातेरी रिंग आधी ताडून पाहा. बिनरिंगचा हब बसतो व्यवस्थित, पण सेन्सरला काही दिसत नाही.

फार स्वस्त बेनामी हबच्या वाटेला ट्रॅकसाठी जाऊ नका. मोठ्या स्पर्धांत धावणारे पुष्कळजण नव्या हबचंही सील उघडून मूळ ग्रीस धुतात आणि जास्त तापमानाचं ग्रीस भरतात. करणार असाल तर दोन्ही ओळींच्या गोळ्या आणि रिंगा वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, एकमेकींत मिसळू नका. जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुवा, ब्रेक क्लीनर मारून वाळवा. पॉलियुरियाच्या ग्रीसवर लिथियमचं ग्रीस चढवलं तर दोन्ही पातळ होऊन सीलमधून बाहेर येऊ शकतात. बोटाने गोळ्यांच्या जाळीत दाबून भरा, मोकळी जागा अर्ध्याच्या आसपास भरली की बस.

मागचं बेअरिंग: प्रेसवरची चूक

मागे रचना वेगळी. बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेलं, सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगी कड्याने) अडवलेलं, आणि हब त्याच्या आतल्या रिंगेत दाबलेला. हे मागचं बेअरिंग पुढच्यापेक्षा कमी त्रास देतं, पण ॲक्सलचा नट ट्रॅकवर सैल होण्याची खोड आहे. त्याचा टॉर्क २१६ ते २९४ न्यूटन-मीटर. घरातला अर्धा इंची टॉर्क रेंच बहुधा २१०पर्यंतच जातो, म्हणून या कामाला मोठा लागतो. पुढे-मागे करताना टक् असा एकच आवाज आला तर आधी हा नट बघा. आवळल्यावर नट आणि ॲक्सलवरून रंगाची एक रेघ ओढा, पुढच्या वेळी नजरेनेच कळेल.

नकल काढताना खालच्या आर्मचा लांब बोल्ट बुशच्या नळीत गंजून धरलेला असतो. दमट किंवा मीठ टाकतात अशा देशातल्या गाडीत तर हमखास. आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारा, आणि नवा बोल्ट व बुश आधीच आणून ठेवा, कारण शेवटी तो कापावाच लागण्याची शक्यता मोठी.

हब दाबून बाहेर काढला की बेअरिंगची एक आतली रिंग हबवर अडकून येते. ग्राइंडरने तिला जवळपास आरपार चीर द्या आणि छिन्नीने फोडा. चीर हबच्या अंगापर्यंत जाऊ देऊ नका. नकलचं भोक स्वच्छ करा, कडेला उठलेला धातू पॉलिश पेपरने काढा. नवं बेअरिंग तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, नकल हाताला चटका बसेल इतपत गरम करा, आणि बेअरिंग फक्त बाहेरच्या रिंगेवरून दाबा. त्यानंतर सर्क्लिप.

मग हब दाबताना नेमकी चूक होते. नकल प्रेसवर टेकवली आणि वरून हब दाबला, तर सगळा जोर गोळ्यांतून जातो. रिंगेवर गोळ्यांचे ठसे उठतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच फेरीत गुंजतं. दोष मग पार्टला दिला जातो. हब दाबताना खालून आतल्या रिंगेलाच आधार हवा. योग्य मापाची एक नळी पुरते. लेथवाल्याकडे काम देणार असाल तर हे त्याला आधी सांगा, आणि शक्यतो समोर उभे राहा.

लांब व्हील स्टड (चाकाचे नट ज्यांवर चढतात ते) बसवतानाही तेच. हब गाडीवर असताना स्टडवर हातोडा मारला की ठसे उठलेच. हब काढा, तबकडीला स्टडभोवती आधार द्या, प्रेसने दाबा. स्टड एम१२, पिच १.५ मिमी. नट किमान ८ पूर्ण फेरे चढला पाहिजे. स्पेसर लावून त्यापेक्षा कमी येत असतील तर लांब स्टड हवेतच. टॉर्क ८८ ते ११८ न्यूटन-मीटर. मूळ हबच्या मधल्या कड्याचा व्यास ५४.१ मिमी असतो, बाजारातल्या चाकांचं भोक त्याहून मोठं. ही फट भरणारी मधली रिंग नसेल तर चाक मध्यावर बसत नाही, स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक बेअरिंग बदलतात.

मेलेलं बेअरिंग फेकण्याआधी

जुना हब उघडून बघा. आतल्या रिंगेच्या भोकात किंवा तोंडावर लालसर तपकिरी भुकटी असेल तर नट ढिला होता. रिंगा निळ्या-तपकिरी आणि ग्रीस काळं, टणक झालेलं असेल तर उष्णता. ब्रेकच्या हवेचं काहीतरी करा. गोळ्यांच्या अंतराने सारखे ठसे म्हणजे हातोडा, चुकीचा प्रेस किंवा कर्बचा दणका. फक्त एकाच ओळीच्या वाटेवर खवले निघालेले असतील तर हा वळणातल्या भाराचा थकवा, यात बसवणाऱ्याचा दोष नाही, हब बदलण्याची मुदत कमी धरा. गंजाचे खड्डे असतील तर पाणी शिरलं, बहुधा धुताना प्रेशरचा पाइप सीलवर रोखल्यामुळे.

एक खूण मॉडिफाय केलेल्या गाडीतच सापडते. वाटेवर सारख्या अंतराच्या करड्या, आडव्या पट्ट्या. रोल केज वेल्ड करताना अर्थची क्लिप चाकाला किंवा नकलला लावली आणि वीज बेअरिंगमधून गेली की ठिणग्यांनी पृष्ठभागाला इजा होते, आणि पुढे फिरताना तिच्या पट्ट्या पडतात. क्लिप नेहमी वेल्डिंगच्या जागेजवळ, बॉडीवर.

तबकडी जिथे हबच्या अंगाला मिळते ती कोपऱ्याची गोल रेघ मात्र बेअरिंगची तक्रार नसली तरी तपासा. थकव्याची चीर तिथून सुरू होते आणि शेवट चाक सुटण्यात होतो. भेग दाखवणारं रंगद्रव्य मिळतं: साफ करा, लाल रंग मारा, दहा मिनिटं थांबा, पुसा, पांढरी फवारणी करा. केसाएवढी लाल रेघ उमटली तर तो हब भंगारात. त्याला वेल्डिंग करू नका.

ट्रॅकवरच मध्येच ढिलाई सापडली तर हब गार होऊ द्या, नट टॉर्कवर आणा आणि पुन्हा मोजा. ढिलाई गेली तरी तो हब किती वेळ मोकळा फिरला ते माहीत नसतं, म्हणून पुढच्या सत्रानंतर लगेच परत मोजा. ढिलाई राहिली तर त्या गाडीचा दिवस तिथेच संपला, आणि घरीही ती ट्रेलरवरच जाईल. म्हणूनच पेटीत एक तयार पुढचा हब, दोन नवे नट, २९चा सॉकेट, पंच आणि ३००पर्यंत जाणारा टॉर्क रेंच असावा. एवढं जवळ असलं तर एका बाजूचा पुढचा हब तासाभरात बदलून होतो.